शिरोरेषा कोठे थांबते?

नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे घरी मराठीच बोलतात. परंतु आमच्या सरकारी शाळेत त्यांची मुले अक्षरे गिरवितात ती गुजराती. अशाच एका घरातील अकरावीच्या मुलीने साताऱ्यास आजीला पत्र लिहिले. भाषा मराठी, लिपी गुजराती. आजीबाईंना ते वाचता आले नाही. ओळखीची अक्षरे मधूनमधून दिसतात, पण वर रेघ नाही म्हणून काही लागत नाही, असे त्यांनी कळविले. मुलगी हिरमुसली आणि आमच्याकडे देवनागरी शिकावयास आली.

आम्ही मराठीचे एम. ए.; गणिताशी आमचे सख्य कधीच नव्हते. मुलगी मात्र गणितात रमणारी. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "सर, ही वरची रेघ थांबवायची कुठे?"

"अगं, शब्द संपेल तिथे."

"मग नुसतं य = ८ लिहून भागणार नाही. ती रेघ दोन्हीकडे अनंतापर्यंत जाते."

तिने वही उघडली आणि आमचीच शिकवणी सुरू झाली. क्ष आणि य यांचा एकमेकांशी संबंध न सांगता दोघांचाही संबंध तिसऱ्याच एका राशीशी जोडावयाचा. ही राशी म्हणजे प्राचल. तिला 'त' म्हणू. आरंभबिंदू घ्यावा आणि अंत्यबिंदूतून आरंभबिंदू वजा करून आलेल्या अंतराची 'त'पट त्यात मिळवावी. (२, ८) पासून (१०, ८) पर्यंतची शिरोरेषा म्हणजे क्ष = २ + ८त, य = ८; मात्र त शून्यापासून एकापर्यंतच. ही मर्यादा लिहावयास विसरले की रेषाखंडाची पुन्हा अमर्याद रेषा होते. परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच. 'र'चा तिरपा पाय (२, ६) पासून (८, ०) पर्यंत उतरतो असे धरले, तर क्ष = २ + ६त, य = ६ − ६त; त अर्धा असता लेखणी (५, ३) वर, म्हणजे नेमकी मध्यावर. दोन्ही टोकांची अदलाबदल केली तर रेघ तीच राहते, पण हात उलट दिशेने फिरतो. अक्षर गिरविताना हात कोठून कोठे फिरला यास महत्त्व असते, हे आम्ही तीस वर्षे मुलांस सांगत आलो. ते समीकरणातही मावते हे ठाऊक नव्हते.

वळणांचे काय? क्ष² + य² = २५ हे अख्खे वर्तुळ झाले. परंतु क्ष = ५ कोज्या त, य = ५ ज्या त असे लिहून त शून्यापासून १८० अंशांपर्यंतच ठेवला की अर्धवर्तुळ हाती येते. वर्तुळाकार नसलेल्या वळणास तीन बिंदू घ्यावेत: (०, ०), (४, ८) आणि (८, ०). यांतून निघणारा वक्र क्ष = ८त, य = १६त(१ − त). तो मधल्या बिंदूकडे ओढला जातो, पण त्यास स्पर्श करीत नाही. (४, ४) वरूनच वळतो. मोटारींच्या पत्र्यांना डौल देण्यासाठी फ्रान्समध्ये सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि नंतर रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ही रीत घडविली. पुढे छापील अक्षरेही तिनेच आखली जाऊ लागली. विंडोज २००० पासून संगणकावर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक आपल्या र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटला. हाताच्या अक्षरावर जीव असलेला हा सुलेखनकार. त्यांची वळणे यंत्राच्या पोटात मात्र अशाच तीन-तीन बिंदूंनी साठविलेली असतात. हे ऐकून मुलीचे डोळे विस्फारले. आमचेही, खरे सांगावयाचे तर.

महिन्याभरात तिने आजीला देवनागरीत पत्र लिहिले आणि पाकीट बंद करण्यापूर्वी आम्हांस दाखविले. 'साष्टांग'वरील रेघ शेवटच्या अक्षराच्या बरीच पुढे गेली होती. आम्ही तिकडे बोट दाखविले.

"सर, इथे त एकाहून मोठा झाला," ती हसून म्हणाली. आणि पत्र तसेच पेटीत पडले.