जिभेवरचा दाणा आणि रोजावरचा आळ

रमजानचा दुसरा आठवडा लागला, की मोमीनपुऱ्यात, कौसरबागेत, कॅम्पातल्या घराघरांत एक तक्रार ऐकू येते : जिभेवर दाणा आलाय, निखारा ठेवल्यासारखं होतंय. शेजारची खाला लगेच निदान सांगते, 'रोजाची गर्मी आहे, साजूक तूप लाव.' नवरात्रात हीच तक्रार पेठांमधल्या वाड्यांतही होते. तिथे उष्णतेचा ठपका साबुदाणा-शेंगदाण्यावर बसतो. उपवास कोणाचाही असो, जीभ सारखीच.

जीभ मुळात गुळगुळीत नसतेच. तिच्यावर बारीक उंचवटे असतात आणि मागे घशाजवळ आठ ते बारा मोठे दाणे उलट्या 'व्ही'च्या आकारात मांडलेले असतात. आरशात ते पहिल्यांदा दिसले, की भलेभले घाबरतात. ते जन्मापासूनचे आहेत.

खरा दाणा येतो तो बहुधा इफ्तारच्या घाईत. तेरा तास पाणी नसल्याने लाळ कमी झालेली असते आणि तोंडाच्या नाजूक त्वचेचं रक्षण करते ती लाळच. अशा कोरड्या जिभेवर खजुरानंतर थेट कढईतला समोसा किंवा वाफाळती हलीम पडते. शेंडा भाजतो, घाईत जीभ दाताखाली येते, वर अननसाची आंबट फोड असतेच. एखादा उंचवटा सुजून लाल-पांढरा टोकदार होतो, चार दिवस छळतो आणि आपोआप जातो. 'तोंड आलंय' म्हणतो तो प्रकार वेगळा : मधे पिवळट-पांढरा, कडेने लाल असा दुखरा व्रण. तोही एक-दोन आठवड्यांत भरतो. जागरण, ताण, लोह किंवा बी-१२ची कमतरता असेल, तर तो पुन्हापुन्हा येतो. तेव्हा तुपापेक्षा रक्ततपासणी उपयोगी.

दह्यासारखा पांढरा थर दिसला आणि पुसल्यावर खाली लालसर जागा राहिली, तर ती बुरशी असू शकते. मधुमेही, कवळी वापरणारे, दम्याचा स्टेरॉइड पंप घेणारे यांच्यात ती जास्त आढळते. याउलट, जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात आणि जागा बदलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

इथवर सगळं बरं होणारं. काळजी न दुखणाऱ्या दाण्याची. कडेला आलेली गाठ, न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवडे टिकला, तर त्याला उष्णता म्हणणं महागात पडतं. त्यातही तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी आणि मिश्रीने दात घासणाऱ्या बायकांनी. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, पुडी मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. दिवसभर पुडीला हात न लावणारा माणूस मगरिबची नमाज होताच ती फोडतो, हे दृश्य नवं नाही. जो तेरा तास राहू शकतो, त्याला उरलेले अकरा का जमू नयेत? नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिने तोंडाची आतली त्वचा आवळत जाते. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला हवं.

तोंड उघडून दाखवल्याने रोजा तुटत नाही. आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंतमहाविद्यालय वस्तीला जवळ आहे, ससूनही आहे. तुकडा काढून तपासायला सांगितला, तर 'ईदनंतर बघू' हे उत्तर देऊ नये. आजाऱ्याला रोजे पुढे पुरे करण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. घरातले वडीलधारे ऐकत नसतील, तर ही गोष्ट त्यांना मशिदीतल्या इमामसाहेबांकडून सांगवावी. डॉक्टरांपेक्षा त्यांचं म्हणणं लवकर पटतं.

तोवर इफ्तारला आधी पाणी, मग खजूर आणि गरम पदार्थ पाच मिनिटं थांबून. सहेरीला लोणचं-पापड कमी. मिस्वाकचे तंतू टोचू लागले, की टोक कापून नवं करावं. महिन्यातून एकदा स्वच्छ फडक्याने जीभ धरून बाहेर ओढावी आणि उजेडात दोन्ही कडा व खालची बाजू पाहावी. आरशात समोरून दिसतो तो फक्त वरचा भाग. जिभेचा कर्करोग बहुतेक वेळा कडेला सुरू होतो.