शेवट ठाऊक असलेली लढाई

अभिमन्यूचे आख्यान लावून हरिदास उभा राहिला, की तो पोरगा चक्रव्यूहातून जिवंत परतणार नाही हे ठाऊक नसलेला एकही श्रोता समोरच्या मंडळींत नसतो. तरीही रात्र चढत जाते, मृदंग घुमत राहतो आणि ठरलेल्या जागी बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना लागतातच. शेवट आधीच फुटलेला असता कथेत रस कशाचा उरतो, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे कोणी फारसा विचारीत नाही. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीला मात्र तो विचारणे प्राप्त होते. कारण २००७ च्या सप्टेंबरात तिने जो 'क्रायसिस कोअर : फायनल फँटसी सेव्हन' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला, त्याचा नायक दहा वर्षांपूर्वीच, दुसऱ्या एका खेळात, मरून चुकला होता.

तो दुसरा खेळ म्हणजे १९९७ साली प्लेस्टेशनवर तीन तबकड्यांत आलेला 'फायनल फँटसी सेव्हन'. त्यातली शिनरा ही नावाची वीज कंपनी, पण वस्तुतः सरकार, लष्कर आणि तुरुंग या तिन्हींची मालकीण. पृथ्वीचे चैतन्य उपसून ती विजेच्या भावाने विकते आणि त्या व्यवहाराच्या रक्षणार्थ 'सोल्जर' नावाची निवडक फौज बाळगते. कथानायक क्लाउड हा स्वतःस या फौजेतला पहिल्या प्रतीचा माजी शिलेदार म्हणवतो आणि सेफिरॉथ या अजिंक्य योद्ध्याबरोबर निबेलहाइम गावी केलेल्या मोहिमेची तपशीलवार कैफियत सोबत्यांपुढे देतो. पुष्कळ पुढे, खेळाडूचा त्या कैफियतीवर पुरता विश्वास बसल्यावर, असे निष्पन्न होते की मोहिमेवर गेलेला शिलेदार झॅक फेअर नावाचा दुसराच तरुण होता आणि क्लाउड हा त्या तुकडीतला, तोंड झाकून उभा असलेला, साधा शिपाई. झॅकचे मरण तर त्या खेळात इतके आडबाजूला ठेवलेले, की निबेलहाइमच्या जुन्या वाड्याच्या तळघरात जो आपणहून परत जाईल त्यालाच ते दिसावे. ज्या माणसाच्या आठवणी चोरून नायक उभा राहिला, त्या माणसाचे आयुष्य असे तळघरातल्या दप्तरात बासनात बांधून पडले होते. ते सोडवून मांडण्याचे काम दिग्दर्शक हाजिमे ताबाता आणि मूळ खेळाचेही एक लेखक असलेले काझुशिगे नोजिमा यांनी केले.

झॅक हा गोंगागा नावाच्या खेड्यातला, बडबड्या, उतावळा, वीर होण्याच्या स्वप्नाने पछाडलेला पोरगा. त्याचा गुरू अँजील हा पाठीवर एक अवाढव्य तलवार वागवतो आणि ती सहसा उपसत नाही. मुलगा 'सोल्जर'मध्ये दाखल झाला या आनंदात गरीब बापाने कर्ज काढून ती घडवून घेतली आणि ते फेडता फेडता तो मेला. वापरली तर पाते झिजेल, गंजेल, या धास्तीने अँजील तिला जपतो. शस्त्र हे ऋणपत्र असावे आणि वारसाने ते म्यानाबाहेर काढताना कचरावे, ही कल्पना मला तरी या खेळातल्या सगळ्या दिव्यशक्तींहून मोठी वाटते. त्याच तलवारीचा वारसा पुढे झॅककडे येतो, आणि तोही कसा, तर त्याला स्वतःच्या हाताने गुरूला मारावे लागते तेव्हा.

कथेची दुसरी बाजू इतकी बळकट नाही. अँजीलचा मित्र जेनेसिस हा बंडखोर, ज्याला गॅक्ट या जपानी गायकाचा चेहरा आणि आवाज लाभला आहे, जेव्हा पाहावे तेव्हा 'लव्हलेस' नामक काल्पनिक नाट्यकाव्यातील कडवी म्हणत उभा असतो. पहिल्या दोन वेळा त्याचे कौतुक वाटते, पुढे जांभई येते. मुख्य कथेबाहेरच्या ३०० छोट्या मोहिमा आहेत. हातात मावणाऱ्या पीएसपी यंत्रावर, आगगाडीतून जातायेता, एकेक उरकण्यास त्या सोयीच्या. सलग बसून खेळणाऱ्यास मात्र त्याच त्या खोल्या आणि तेच ते बोळ पुन्हा पुन्हा पाहून वीट यावा.

परंतु या खेळाची खरी कारागिरी लढाईत आहे. मूळ खेळातली लढाई पाळीपाळीची होती, येथे झॅक प्रत्यक्ष धावतो, लोळून वार चुकवतो, ढाल धरावी तशी तलवार आडवी धरतो; आणि हे सर्व चालू असता पडद्याच्या कोपऱ्यात तीन चक्रांचे एक यंत्र अखंड फिरत राहते. डिजिटल माइंड वेव्ह असे त्याचे भारदस्त नाव. पण जपानच्या जुगारगृहांतील यंत्रांचे ते सख्खे भावंड आहे, हे कोणाच्याही ध्यानात यावे. प्रत्येक फेऱ्याला १० गुण खर्ची पडतात. चक्रांवर आकडे असतात आणि चेहरे असतात. आकड्यांत तीन साते जुळली म्हणजे झॅकची पातळी एकदम वाढते. चेहरे मात्र झॅकला भेटलेल्या माणसांचे: अँजीलचा, सेफिरॉथचा, फुले विकणाऱ्या एरिथचा, क्लाउडचा. नवा माणूस त्याच्या आयुष्यात आला की चक्रावर नवा चेहरा येतो. डावे आणि उजवे चक्र एकाच चेहऱ्यावर थांबले की लढाई क्षणभर खोळंबते, मधले चक्र फिरू लागते आणि तेही जुळले तर त्या माणसाच्या नावाने काहीएक सामर्थ्य अंगात येते. सेफिरॉथ जुळला तर तलवारीचे आठ वार, एरिथ जुळली तर जखमा भरून येणे. कधी कधी फेऱ्याच्या मध्येच एखाद्या जुन्या आठवणीचे चित्र पडद्यावर उमटून जाते.

कौशल्यापुढे दैवाला एवढा मान कशाला, अशी तक्रार तेव्हाही झाली. १३ डिसेंबर २०२२ रोजी निघालेल्या 'रीयुनियन' या नव्या आवृत्तीत ती थोडीफार मिटवली गेली. जुळलेले सामर्थ्य केव्हा वापरावे याचा अखत्यार खेळाडूकडे आला, आणि लढाईचा मध्येच होणारा खोळंबा कमी झाला. सोय झाली खरी. तथापि माणसाला कोण केव्हा आठवावे याचा अखत्यार त्याच्याकडे नसतो, हे त्या पहिल्या आडमुठ्या यंत्राने जसे अंगवळणी पाडले होते, तसे नव्याला साधत नाही असे माझे मत आहे.

निबेलहाइमच्या त्या मोहिमेचा अनर्थ झाल्यावर झॅक आणि क्लाउड हे दोघे होजो नामक शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत चार वर्षे काचेच्या नळकांड्यांत डांबले जातात. तेथून शुद्ध हरपलेल्या क्लाउडला खांद्यावर घेऊन निसटलेल्या झॅकच्या हाती एरिथचे पत्र पडते तेव्हा त्याला कळते की हे तिचे ८९ वे पत्र, आणि शेवटचे; उत्तर न आल्यामुळे ती आता लिहिणार नाही. तिच्या २३ लहानसहान इच्छा होत्या, त्या झॅकला ध्यानात ठेवणे जड जाईल म्हणून तिनेच कधीकाळी त्यांची एकच करून दिली होती: त्याच्यासोबत आणखी थोडा वेळ मिळावा.

मिडगार शहर नजरेच्या टप्प्यात आले असता शिनराची सगळी फौज टेकाडावर आडवी येते. येथे दिग्दर्शकाला हे मरण नुसते चित्रपटासारखे दाखवून मोकळे होता आले असते. त्याने तसे केले नाही. लढाई खेळाडूच्याच हाती ठेवली. शिपाई कितीही पाडा, नवे येतच राहतात. झॅकची प्राणशक्ती उतरत जाते. आणि कोपऱ्यातले ते यंत्र, ज्याच्या आधाराने पंचवीसतीस तास काढले, अडखळू लागते. चक्रे फिरतात पण जुळत नाहीत. चेहरे पुसट होतात आणि एकेक करून चक्रावरून नाहीसे होतात, म्हणजे झॅकला माणसे आठवेनाशी होतात, आणि खेळाडूची बोटे मात्र सवयीने कळ दाबीतच असतात. सर्वांत शेवटी एरिथचा चेहरा उरतो. तोही जातो, आणि मग दाबण्याजोगे काही राहत नाही.

पाऊस सुरू होतो. सरपटत आलेल्या क्लाउडच्या हाती झॅक ती तलवार देतो, अँजीलच्या बापाच्या कर्जाची. काही काळाने मिडगारच्या एका स्थानकात आगगाडी येऊन थांबते, टपावरून एक तरुण खाली उडी मारतो, पाठीवर तीच तलवार, आणि कोणी विचारले तर तो सांगणार असतो की मी पहिल्या प्रतीचा शिलेदार होतो.