टाकी पाहून शॉवर घ्यावा

नरकचतुर्दशीच्या पहाटे धुमसणारा तांब्याचा बंब आणि घंगाळातले कढत पाणी शहरातल्या बहुतेक घरांतून गेले. बंबाच्या जागी गीझर आला, तांब्याच्या जागी शॉवर. दिवाळीच्या खरेदीत दुकानातला ताटाएवढा चकचकीत शॉवर मन मोहून घेतो. पण घरी बसवल्यावर पावसाऐवजी नुसत्या पागोळ्या गळतात! दोष बहुधा शॉवरचा नसतो. पाण्याच्या दाबाचा हिशेब कोणी केलेलाच नसतो.

छत्रपती संभाजीनगरला तरी हा हिशेब नवा नसावा. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने या गावाला नहरीचे पाणी आणले. पुढे बांधलेल्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येऊन उंच भिंतीवरून कोसळे आणि त्या जोरावर जाते फिरे. पंप नाही, वीज नाही. सारी करामत उंचीची!

आपल्या न्हाणीघरातही तोच नियम चालतो. या शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या खंडाने येत आले. ते हौदात साठवायचे, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. म्हणून टाकी शॉवरपेक्षा जितकी उंच, तितका दाब. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर ही उंची जेमतेम दोन-अडीच मीटर, म्हणजे दाब पाव किलोच्या आतबाहेर. तीन मजले खाली तो चौपटीहून अधिक होतो. तेव्हा शेजारणीचा शॉवर उत्तम चालतो म्हणून आपलाही चालेल, असे नाही.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी. जुना शॉवर काढून नळीखाली पंधरा लिटरची बादली धरावी. ती अडीच मिनिटांत भरली तर मिनिटाला सहा लिटर पाणी मिळते. तेवढ्यावर लहान तोंडाचा, मोकळ्या भोकांचा शॉवर चालेल; मोठ्या चकतीच्या शॉवरचा नाद सोडावा. बोअरचे जड पाणी असेल तर भोकांत क्षार बसतात. बोटाने चोळून साफ होणारी रबरी छिद्रे तिथे सोयीची.

आता गीझरचे पाहू. साठ अंशांचे पंधरा लिटर पाणी वीस अंशांच्या गार पाण्यात मिसळले की चाळीस अंशांचे तीस लिटर होते. मिनिटाला सहा लिटर सोडणाऱ्या शॉवरला ते पाच मिनिटे पुरेल. पंधरा लिटर ओतणाऱ्याला दोनच! तीन किलोवॉटचा विजेचा झटपट गीझर पंचवीस अंश वाढ करून मिनिटाला दोन लिटरही देत नाही, तो बादलीपुरताच. गॅसचा गीझर पाण्याच्या प्रवाहाने पेटतो. बारीक भोकांचा शॉवर लावला की प्रवाह मंदावतो, ज्योत विझते आणि डोक्याला साबण असताना गार धार येते. म्हणून यंत्रावर छापलेला किमान दाब आधी वाचावा. गार आणि गरम पाणी एकाच टाकीतून घ्यावे, म्हणजे एक दुसऱ्याला मागे रेटणार नाही. दाब वाढवणारा पंप लावायचाच तर टाकीच्या पुढे लावावा आणि गीझरला तो दाब सोसेल ना, हे विचारून घ्यावे.

मात्र गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत कोसळतो आणि दाराला आतून कडी असते. असे बळी गेले आहेत. गीझर आणि सिलिंडर बाहेर, मोकळ्या हवेत असावेत.

आणि हिशेब जमलाच नाही तर? टाकीत मोजके पाणी असेल त्या घरात पंधरा लिटरची बादली आणि तांब्या यांत कसला कमीपणा? उटणे तर तांब्यानेच नीट धुतले जाते!