डोंगरातील घड्याळ

सपाटीवरचा सायकलस्वार दिवस अंतराने मोजतो; मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर तो उन्हाने मोजावा लागतो. वाटेवरील बारालाचा खिंड सुमारे 4,900 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असल्याने श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो, आणि चढावर तासाला पाच-सहा किलोमीटर कापले तरी पुष्कळ झाले असे वाटते. म्हणून पहाटे निघावयाचे. पण त्याचे खरे कारण पाणी. रात्री थिजलेले बर्फ दिवसा उन्हाने वितळते, आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा तिसऱ्या प्रहरी रस्त्यावरून मांडीइतका वाहू लागतो.

एकदा चहाच्या गप्पांत मी दोन तास दवडले. ओढ्यात उतरलो तोच पाण्याने सायकल हातांतून हिसकावली. ती सोडली म्हणूनच मी काठाला लागलो. रात्र तंबूत काढली. पहाटे ओढा ओसरला होता आणि सायकल खाली खडकात अडकलेली सापडली. पाण्याशी झगडून जे साधले नाही, ते रात्रभर थांबल्याने साधले. डोंगरात धाडसाहून वेळेची जाण अधिक कामाची, हे तेव्हा कळले.