रक्ताचा कागद आणि बांधावरची गुळवेल



दारू नाही, कावीळ नाही, तरी रक्तात एसजीपीटी वाढलेले, असे कागद हल्ली गट ऑफिसात दिसतात. आम्ही डॉक्टर नव्हे. पण यकृताच्या पेशी दुखावल्या की हे द्रव्य रक्तात उतरते. कोणी दुखावल्या, ते कागद सांगत नाही.

२०२० साली सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत यकृत बिघडलेले ६ रुग्ण आढळले. सहाही जण कोरोनाच्या धास्तीने गुळवेल घेत होते. जसलोक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ साली ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला पटले नाही. तशीच दिसणारी दुसरी वेल असेल, असे त्यांचे म्हणणे. बेणे घेताना आपण डोळा न् डोळा पाहतो, वेल मात्र तशीच उकळतो!

तेव्हा काढा, चूर्ण, दुखण्याच्या गोळ्या, सारे डॉक्टरांना सांगावे. फॅटी लिव्हर आणि बी, सी कावीळही तपासून घ्यावी.