इन्सुलिनचे माप दुकानातच शिकून घ्या

आंब्याच्या मोहोरावर फवारणी करताना आपण डब्यावरची माहिती वाचतो आणि दहा लिटर पाण्याला किती औषध ते मोजून घेतो. माप कमी पडले तर तुडतुडे मरत नाहीत, जास्त झाले तर मोहोर करपतो. घरातल्या मधुमेही माणसाला इन्सुलिन टोचताना हीच काळजी हवी. तिथे माप चुकले तर प्रश्न जिवाचा असतो.

किती युनिट टोचायचे ते डॉक्टर ठरवतात. पण औषध सुईत कसे भरायचे, कुठे टोचायचे, घरी कसे ठेवायचे, हे हाताने करून दाखवणारा जवळचा माणूस म्हणजे मेडिकल दुकानातील फार्मासिस्ट. रुग्णाला औषधाची नीट माहिती देणे हे त्याचे कामच आहे. २०१५ च्या फार्मसी नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून विचारायला संकोच करू नका.

पहिली गोष्ट, बाटली आणि सिरिंज यांची जोडी. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज लागते. समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात जातील फक्त ८ युनिट. उलट, १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर जातील ५० युनिट! मुंबईहून चाकरमानी मुलाने गणपतीला येताना औषध आणले, तर ते आधी गावातल्या फार्मासिस्टला दाखवा आणि मगच वापरा.

टोचण्याची जागा पोट किंवा मांडी. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडावी. रोज जागा थोडी बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथे गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही. दुधासारखे गढूळ इन्सुलिन तळहातांमध्ये हलके फिरवून एकजीव करावे, जोराने हलवू नये. जे मुळात स्वच्छ असते ते गढूळ दिसले तर वापरू नये.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजा. उघडलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. नक्की मुदत सोबतच्या कागदावर पाहावी. पावसाळ्यात वीज गेली म्हणून घाबरू नका. खरी भीती वैशाखातल्या उन्हाची. मोटरसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या खिडकीशी औषध ठेवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. इन्सुलिन टोचून न जेवता बागेत गेले आणि झेल्याने आंबे काढायला लागले, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळू लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

वापरलेली सुई उकिरड्यावर किंवा शेणखतात टाकू नका. ते खत उद्या आपल्याच हातांनी शेतात जाते. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवाव्या आणि आरोग्य केंद्रात विचारून तिथे द्याव्या.

दुकानात जाताना घरातल्या आणखी एकाला सोबत न्या. सून असो, मुलगा असो, दोघांनी शिकावे आणि फार्मासिस्टसमोर एकदा स्वतः करून दाखवावे. आजारपणात रुग्णाचा हात थरथरला, तर दुसरा जाणता हात घरात हवा.