मोबाइल ॲप आणि सर्व्हरलेस फंक्शन: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१४मध्ये ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केलं, २०१७मध्ये गुगलने फायरबेससाठी क्लाउड फंक्शन्स आणली, आणि स्वतः सर्व्हर न सांभाळता ॲपचा बॅकएंड चालवणं दोन-तीन जणांच्या टीमलाही जमू लागलं. ही सोय फार मोलाची आहे. पण तिच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही रुजल्या आणि त्यांचा भुर्दंड शेवटी ॲप वापरणाऱ्यावर पडतो. फायरबेसच्या कॉलेबल फंक्शनचं, म्हणजे ॲपमधून थेट बोलावता येणाऱ्या फंक्शनचं, उदाहरण घेऊन त्यातल्या पाच समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: सर्व्हरलेस आहे, म्हणजे सर्व्हर कुठे आहे याचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती: सर्व्हर असतो आणि त्याचा ठावठिकाणाही असतो. प्रदेश सांगितला नाही, तर फायरबेसचं फंक्शन ‘यूएस-सेंट्रल१’मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात चालतं. मग नाशिकच्या फोनवरून निघालेली प्रत्येक विनंती तिथपर्यंत जाऊन परत येते. मुंबईचा प्रदेश ‘एशिया-साउथ१’ या नावाने उपलब्ध आहे. मात्र फंक्शन तिथे हलवलं की ॲपच्या कोडमध्येही तोच प्रदेश लिहावा लागतो. ते राहून गेलं, तर ॲप जुन्याच पत्त्यावर विनंती पाठवत राहतं आणि ‘नॉट फाउंड’ पदरी पडतं. डिप्लॉय नीट झालंय, फंक्शनच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही आणि ॲप अडलंय, अशा वेळी सर्वांत आधी प्रदेश जुळतोय का ते बघावं. डेटाबेसचं ठिकाणही सुरुवातीलाच विचार करून निवडावं, कारण फायरस्टोअर या फायरबेसच्या डेटाबेसचं ठिकाण नंतर बदलता येत नाही.

गैरसमज २: माझं फंक्शन फक्त माझं ॲपच बोलावू शकतं.

वस्तुस्थिती: कॉलेबल फंक्शन हा इंटरनेटवरचा एक उघडा पत्ता आहे. वापरकर्त्याने लॉगिन केलं असेल, तर फायरबेसची लायब्ररी त्याचं टोकन विनंतीसोबत आपोआप जोडते आणि सर्व्हरवर ते तपासलंही जातं. लॉगिन केलं नसेल, तरी फंक्शन थांबत नाही. ओळखीची जागा रिकामी राहते आणि पुढचा कोड चालतो. म्हणून ओळख आहे का हे पहिल्याच ओळींत तपासून, नसेल तर ‘अनऑथेंटिकेटेड’ ही एरर परत पाठवणं हे आपलं काम आहे. समोर कोण आहे ते लॉगिनवरून कळतं. विनंती आपल्याच अस्सल ॲपमधून आली का, हे ॲप चेक बघतं. अँड्रॉइडवर त्यासाठी प्ले इंटेग्रिटी आणि आयफोनवर ॲप अटेस्ट वापरता येतं. ॲप चेकची सक्तीही फंक्शनमध्ये स्वतःहून चालू करावी लागते.

गैरसमज ३: ॲप आपलंच, मग त्यातून आलेले आकडेही खरेच.

वस्तुस्थिती: ॲप दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर असतं. त्याची एपीके फाइल उघडून आतला कोड वाचता येतो आणि विनंतीतला मजकूर बदलता येतो. रेझरपेवरून पैसे घ्यायचे असतील तर ऑर्डरची रक्कम पैशांत द्यावी लागते: ४९९ रुपयांसाठी ४९९००. हा आकडा ॲपने पाठवला आणि फंक्शनने तसाच पुढे दिला, तर तो १०० करून हीच वस्तू एका रुपयात मागवणं कुणालाही शक्य होतं. ॲपने फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग पाठवावेत. किंमत फंक्शनने डेटाबेसमधून काढावी. पेमेंट झाल्यावर येणारी सहीसुद्धा फंक्शनमध्येच पडताळावी. त्यासाठी लागणारी गुप्त की ॲपमध्ये कधीही ठेवू नये. ती सीक्रेट मॅनेजरमध्ये असावी.

गैरसमज ४: ॲपवर एरर दिसली, म्हणजे काम झालंच नाही.

वस्तुस्थिती: काम झालेलं असू शकतं, फक्त उत्तर पोहोचलेलं नसतं. ‘ऑर्डर करा’ दाबलं आणि गाडी बोगद्यात शिरली, तर फंक्शन तिकडे ऑर्डर नोंदवून मोकळं होतं. इकडे माणूस पुन्हा बटण दाबतो आणि ऑर्डर दोनदा जाते. वेळमर्यादेचंही तसंच आहे. ठरवून दिली नाही, तर फंक्शनची मर्यादा ६० सेकंद आणि ॲपकडची ७० सेकंद असते. फंक्शनची वाढवून पाच मिनिटं केली आणि ॲपकडची तशीच ठेवली, तर ॲप सत्तराव्या सेकंदाला हार मानतं आणि फंक्शन पुढे चालूच राहतं. यावर उपाय सोपा आहे. ॲपने प्रत्येक ऑर्डरसाठी एक वेगळा क्रमांक तयार करावा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच पाठवावा. त्या क्रमांकाची ऑर्डर आधीच नोंदलेली असेल, तर फंक्शनने नवी न करता तीच परत द्यावी. आणखी एक लक्षात ठेवावं: नेट नसताना फायरस्टोअरमधलं लिखाण फोनवर थांबून राहतं आणि नेट आल्यावर पुढे जातं. कॉलेबल विनंती तशी थांबत नाही, ती थेट फसते.

गैरसमज ५: सर्व्हरलेस मंदच असतं, पण फुकट असतं.

वस्तुस्थिती: दोन्ही अर्धसत्य आहेत. बराच वेळ कुणी फिरकलं नाही, तर पुढच्या विनंतीसाठी नवा इन्स्टन्स, म्हणजे फंक्शनची चालती प्रत, उभा राहतो आणि तेवढा उशीर लागतो. यालाच कोल्ड स्टार्ट म्हणतात. नको असलेल्या लायब्ऱ्या काढून टाकल्या की तो कमी होतो. किमान एक इन्स्टन्स जागा ठेवला की बरेचदा टळतो, पण त्याचे पैसे काम नसतानाही लागतात. महिन्याला २० लाख कॉल मोफत असले, तरी फंक्शन डिप्लॉय करायला पैसे भरण्याची ब्लेझ योजना घ्यावीच लागते. बजेट अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. इन्स्टन्सची कमाल संख्या ठरवून दिली, तर अचानक लोंढा आला तरी बिलाला काहीसा लगाम राहतो.

सर्व्हर चालू ठेवण्याचं काम गुगल करतं. कुणाला आत घ्यायचं, कोणता आकडा मानायचा आणि दुसऱ्यांदा आलेली विनंती कशी ओळखायची, हे मात्र आपण लिहिलेल्या कोडवरच ठरतं. ॲप प्ले स्टोअरवर चढवण्याआधी प्रत्येक फंक्शन एकदा लॉगिनशिवाय, एकदा चुकीच्या आकड्यांनी आणि एकदा लागोपाठ दोनदा बोलावून बघावं. फायरबेसचा एम्युलेटर ही तपासणी आपल्याच संगणकावर करू देतो.